विचारा तर खरं : व्हॅम्पायर आला कुठून?

मागच्या अंकात हडळ, खवीस, मुंजा, समंध या आपल्या मंडळींच्या नावांबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच विषय चाललाय, की हे सगळे झाले पण व्हॅम्पायरचं काय. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकलाय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, त्यामुळे सगळ्यांचीच फक्त गावं देतोय.

प्रश्न (नाशिक) : मी इंग्लिश लिटरेचर करतेय. डिक्शनरीत व्हॅम्पायरपुढे ‘फ्रेंचमधून, जर्मनमधून, सर्बियनमधून’ एवढंच लिहिलेलं असतं. मूळ अर्थ काय या शब्दाचा? आणि सर्बियासारख्या छोट्या देशातला शब्द अख्ख्या जगाने उचलला कसा?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि पहिल्याचं उत्तर तसंही अर्धवटच मिळणारे.

हा शब्द कुठल्या आजीच्या गोष्टीतून किंवा कादंबरीतून युरोपभर गेला नाही. तो गेला सरकारी रिपोर्टातून. झालं असं की १७१८ मध्ये पोझारेवात्स इथे तह झाला आणि उत्तर सर्बियाचा मोठा पट्टा तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग बादशहाकडे आला. नवीन मुलूख म्हटल्यावर नवीन अधिकारी आले, छावण्या आल्या, लष्करी डॉक्टर आले, आणि या सगळ्यांना एकच सवय, काहीही घडलं की लिहून वर पाठवायचं. गावातले लोक जे करत होते ते पिढ्यानपिढ्या करत होते, फक्त आधी ते बघून रिपोर्ट लिहिणारं कोणी नव्हतं.

१७२५ मध्ये किसिल्येवो नावाच्या गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला. त्याला पुरून दहा आठवडे झाल्यावर गावात आठ दिवसांत नऊ माणसं गेली, प्रत्येक जण जेमतेम एका दिवसाच्या आजारात, आणि मरताना प्रत्येकाने म्हणे सांगितलं की पेतार रात्री येऊन अंगावर बसला आणि त्याने गळा दाबला. त्याची बायको तर म्हणाली की तो माझ्याकडे येऊन आपल्या चपला मागत होता (तिकडच्या चामडी वहाणा, त्यांना ‘ओपांक’ म्हणतात), आणि ती सरळ गाव सोडून दुसरीकडे राहायला गेली. गावकऱ्यांनी ठरवलं की कबर उघडायची. तिथला ऑस्ट्रियन अधिकारी फ्रॉमबाल्ड म्हणाला की थांबा, बेलग्रेडहून परवानगी येऊ दे, तर लोक म्हणाले तुम्ही परवानगीची वाट बघा, आम्ही तोवर गाव सोडून जातो, कारण तुर्कांच्या काळात याच भानगडीत एक अख्खं गाव बसलं होतं. बिचारा फ्रॉमबाल्ड एका पाद्रीला बरोबर घेऊन गेला. प्रेत बघितलं तर नाक जरासं बसलेलं, बाकी ताजं, केस-दाढी-नखं वाढल्यासारखी, जुनी कातडी सुटून खाली नवीन दिसतेय, तोंडात रक्त. लोकांनी छातीत खुंटी ठोकली, कानातोंडातून रक्त आलं, मग प्रेत जाळून राख केली. हे सगळं त्याने लिहून काढलं आणि शेवटी काय म्हणावं, तर यात काही चूक झाली असेल तर ती माझी नाही, भीतीने वेडे झालेल्या जमावाची आहे. सरकारी नोकरी तिन्हीत्रिकाळ सारखीच!

हा रिपोर्ट त्याच वर्षी जुलैमध्ये व्हिएन्नाच्या पेपरात छापून आला आणि त्यात लिहिलं होतं की अशा माणसांना इथले लोक ‘व्हॅम्पिरी’ म्हणतात. पण तेव्हा फार आवाज झाला नाही. आवाज झाला पुढच्या केसला. मेद्वेजा नावाच्या गावात अर्नाउत पाव्ले म्हणून एक माणूस होता, गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. तो जिवंतपणी सांगायचा की तुर्की हद्दीत असताना मला एका व्हॅम्पायरने छळलं होतं आणि त्यावर उतारा म्हणून मी त्याच्या कबरीतली माती खाल्ली आणि त्याचं रक्त अंगाला चोळलं. उतारा काही लागू पडला नसावा, कारण तो मेल्यावर गावात मृत्यू सुरू झाले, चाळीस दिवसांनी त्यालाच उकरून खुंटी ठोकली, आणि काही वर्षांनी १७३१-३२ च्या हिवाळ्यात पुन्हा तेच. या वेळी मात्र फ्ल्युकिंगर नावाचा लष्करी सर्जन टीम घेऊन गेला, ओळीने कबरी उघडल्या, एकेका प्रेताची नोंद केली, कोण कुजलंय, कोणाची फुप्फुसं कशी आहेत, पोटात काय आहे. जे कुजले नव्हते त्यांची मुंडकी उडवून जाळलं आणि राख मोरावा नदीत सोडली. आणि त्याखाली लष्करी डॉक्टर-अधिकाऱ्यांच्या सह्या. जानेवारी १७३२.

आता एखाद्या गावच्या म्हातारीने सांगितलं असतं तर पॅरिस-लंडनच्या पेपरांनी ढुंकून पाहिलं नसतं, पण सर्जनची सही म्हटल्यावर काय! त्या वर्षी जर्मन भाषेत या विषयावर पुस्तिकांचा पाऊस पडला, मार्चमध्ये लंडनच्या पेपरात बातमी आली आणि इंग्लिशमध्ये शब्द घुसला. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे की मे १७३२ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांत, लंडनच्या एका विरोधी पेपराने तो शब्द पंतप्रधान वॉलपोलच्या सरकारवर फिरवला, की खरे रक्त पिणारे व्हॅम्पायर म्हणजे करवसुली करणारे आणि सत्तेतली मंडळी. शब्द अजून धड रुळलाही नव्हता आणि राजकारणात कामाला लागला. पुढे फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरनेही तोच धागा पकडला, की पॅरिस-लंडनमध्ये दिवसाढवळ्या लोकांचं रक्त पिणारे सटोडिये आणि धंदेवाले आहेत, पण ते मेलेले नाहीत, फक्त सडलेले आहेत.

गंमत म्हणजे फ्रेंचांच्या दारावर हा शब्द आधी एकदा येऊन गेला होता. १६९३ मध्ये पॅरिसच्या ‘मेर्क्युर गालां’ या मासिकाने पोलंड आणि रशियातल्या रक्त पिणाऱ्या प्रेतांबद्दल लिहिलं होतं आणि त्यात पोलिश नाव दिलं होतं, ‘उपिएर’ सारखं काहीतरी. तेव्हा कोणी उचललं नाही. तोच शब्द, तेच भूत, पण रिपोर्ट नव्हता. म्हणून मी म्हणतो की व्हॅम्पायरला जगभर नेलं ते भीतीने नाही, फायलीने.

आता मूळ अर्थ. शब्द स्लाव्ह भाषांचा आहे एवढं पक्कं. रशियनमध्ये ‘उपिर’, युक्रेनियनमध्ये तसंच, चेकमध्ये ‘उपीर’, पोलिशमध्ये ‘उपयूर’, बल्गेरियन-सर्बियनमध्ये ‘वाम्पिर’. हे सगळे एकाच जुन्या शब्दाची पोरं आहेत. त्या जुन्या शब्दाच्या सुरुवातीला नाकातला ‘ओ’ होता, म्हणजे ‘ओं’ म्हणताना आपण काढतो तसा. पूर्वेकडच्या आणि सर्बियन भाषांत त्या नाकातल्या ‘ओ’चा साधा ‘उ’ झाला, पोलिशमध्ये तो नाकातच राहिला. दात या शब्दाचं बघा, पोलिश ‘झॉम्ब’, सर्बियन ‘झुब’. या नियमाने सर्बियनमध्ये ‘उपिर’ पाहिजे होतं, ‘वाम्पिर’ नाही! आणि पोलिशमध्ये उलटं, ‘उपयूर’ त्यांच्या नियमात बसत नाही, त्यांचा घरचा शब्द ‘व्हॉम्पिएझ’ होता आणि तो मागे पडला. म्हणजे पोलिश लोकांनी पूर्वेकडून उसना घेतला आणि सर्बियन लोकांनी बहुधा शेजारच्या बल्गेरियन-मॅसिडोनियन बोलींतून घेतला, जिथे ती ‘म’ची खूण काही ठिकाणी टिकली होती. डिक्शनरी जिथे ‘सर्बियन’ म्हणून थांबते तिथेही तो पाहुणाच होता.

पण त्या जुन्या शब्दाचा अर्थ काय, यावर भाषावाल्यांचं दीडशे वर्षं भांडण चालू आहे. व्हिएन्नातले मोठे स्लाव्ह पंडित मिक्लोशिच म्हणायचे की हा तुर्की भाषांतल्या ‘उबिर’वरून आला, तातार लोकांत उबिर म्हणजे चेटकीण, रक्त पिणारी. दुसरे म्हणतात उलट, तातारांनीच तो स्लाव्हांकडून घेतला. तिसरे ‘उडणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात आणि वटवाघळाच्या स्लाव्ह नावाकडे बोट दाखवतात, रशियन ‘नेतोपिर’, शेपटी तीच आहे ना. मला स्वतःला तातार चेटकिणीपेक्षा घरच्या धातूवाली बाजू जड वाटते, पण कुठला धातू हे कोणी ठामपणे सांगत असेल तर ते ठामपण तेवढं काढून टाका आणि बाकीचं वाचा. ‘मूळ अर्थ रक्त पिणारा’ असं जे नेटवर सर्रास असतं त्याला आधार नाही, तो नंतरचा धंदा आहे भुताचा, नावाचा अर्थ नाही.

सगळ्यात जुनी नोंद ऐकून तर तुम्ही उडालच. १०४७ साली नोवगोरोदच्या राजपुत्रासाठी एका पाद्रीने बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या (प्रॉफेट्सच्या) पुस्तकाची नक्कल केली आणि शेवटी आपलं नाव लिहिलं, ‘पोप उपिर लिखी’. पोप म्हणजे तिकडचा साधा पाद्री, आणि बाकीचं जसंच्या तसं लावलं तर ‘दुष्ट व्हॅम्पायर’. धर्मग्रंथ लिहिणारा पाद्री स्वतःला असं का म्हणवून घेईल? काही म्हणतात टोपणनाव, नम्रता म्हणून स्वतःला वाईट नाव लावायचं. एका स्वीडिश अभ्यासकाने तर सुचवलं की हा स्वीडनचा दगडावर लेख कोरणारा ‘ओपिर’ असणार आणि रशियनांनी त्याचं नाव आपल्या कानाप्रमाणे लिहिलं. तसं असेल तर जगातला पहिला नोंदलेला व्हॅम्पायर म्हणजे एक स्वीडिश कारागीर, ज्याचा रक्ताशी काही संबंध नाही.

प्रश्न (सोलापूर) : आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलंय की व्हॅम्पायर हा मूळ संस्कृत शब्द, ‘पा’ म्हणजे पिणे यावरून. खरं का?

उत्तर : काकांना नाही म्हणणं अवघड असतं हे मान्य, पण नाही. यात खरं एवढंच आहे की पिणे या अर्थाचा स्लाव्ह धातू ‘पिति’ आणि आपलं संस्कृत ‘पिबति’ हे एकाच खापरपणजोबांची नातवंडं आहेत. पण त्यावरून ‘वाम्पिर’ तयार होत नाही, शेवटचा ‘र’ आणि सुरुवातीचा नाकातला ‘ओ’ कुठून आणायचा? आणि दोन भाषांचा पूर्वज एक असला म्हणजे एकीतून दुसरीत शब्द गेला असं होत नाही, दोन चुलतभावांपैकी एक दुसऱ्याचा बाप नसतो.

काकांना रिकाम्या हाताने पाठवायचं नसेल तर हे द्या. वर पोलिशमधला दात सांगितला ना, ‘झॉम्ब’, तो आणि संस्कृतमधला ‘जम्भ’ (दात, जबडा) हे खरे नातेवाईक आहेत, कुठल्याही भाषाशास्त्रवाल्याला विचारा. व्हॅम्पायर नाही पण त्याचे दात तरी आपल्या घराण्यातले निघाले. आणि संस्कृतमध्ये खाण्यापिण्यावरून पडलेलं भुताचं नाव पाहिजेच असेल तर ‘पिशाच’ आहे, पारंपरिक व्युत्पत्ती ‘पिशित’ म्हणजे मांस, ते खाणारा. मराठीत आपण त्याला एक जादा ‘च’ लावून पिशाच्च केलं. बाकी आपला खवीस अरबी ‘खबीस’वरून, म्हणजे घाणेरडा, दुष्ट. भुतांच्या बाबतीत आपण कधीच स्वदेशी नव्हतो.

प्रश्न (काणकोण, गोवा) : माझी मुलगी इंग्लिश मीडियममध्ये आहे, तिच्या वाचनात ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ आलं. आमच्या लोलयेला बेताळ आहे, आम्ही त्याला नारळ ठेवतो. बेताळ व्हॅम्पायर कधीपासून झाला?

उत्तर : १८७० पासून. त्या वर्षी रिचर्ड बर्टन या साहेबाने वेताळपंचविशीतल्या अकरा गोष्टी इंग्लिशमध्ये आपल्या मसाल्यात घोळून छापल्या आणि वेताळाला इंग्लिश काय लावायचं तर व्हॅम्पायर लावून मोकळा झाला. तेव्हा लंडनमध्ये व्हॅम्पायर चालत होता, वेताळ कोणाला कळला असता? त्या दोघांत सारखं एवढंच की दोघांचा प्रेताशी संबंध आहे. पण व्हॅम्पायर म्हणजे मेलेला माणूस स्वतः, ज्याला नाव आहे, बायको आहे, गावात उधारी आहे, तो आपलंच शरीर घेऊन परत येतो. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, भाड्याने राहिल्यासारखा, आणि राहून काय करतो तर गोष्टी सांगतो, कोडी घालतो, आणि राजा उत्तर द्यायला बोलला की पुन्हा झाडावर. रक्त पिण्याचा कार्यक्रम त्याच्या अजेंड्यावर नाही.

आणि तुम्ही म्हणता तो तर आणखी वेगळा, तो देव आहे. लोलयेला, आमोण्याला बेताळ, वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा, पुण्यात तर अख्खी टेकडी त्याच्या नावावर. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावावर राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. मला हे वाचताना सारखा तो किसिल्येवोचा पेतार आठवतो, रात्री बायकोकडे चपला मागणारा. तिकडे चपला मागणाऱ्याला खुंटी ठोकली, इकडे न मागता जोड आणून ठेवतात.

एक जोड माहिती देतो, यावर थोडा विचार करण्यासारखं आहे. जुन्या रशियात पाद्री लोकांचं एक प्रवचन होतं, लोकांच्या बिगरख्रिस्ती चालीरीतींवर ताशेरे मारणारं, त्यात म्हटलंय की पेरून नावाच्या वीजदेवाच्या आधी हे लोक ‘उपिर’ आणि ‘बेरेगिन्यां’ना (बाईच्या रूपातल्या आत्म्यांना) नैवेद्य दाखवायचे. म्हणजे उपिर हा कोणे एके काळी भीतभीत का होईना पण ज्याला काहीतरी ठेवायचं असा असावा, आणि चर्च आल्यावर तो निव्वळ भूत झाला. आपल्याकडे वेताळाचं तसं पूर्ण झालं नाही, तो गोष्टीत भूत आणि गावात देव असा दोन्हीकडे राहिला.

ता. क. इंद्रजाल कॉमिक्स वाचलेली पिढी असेल घरात तर तिच्यासाठी वेताळ म्हणजे जांभळा ड्रेस घातलेला फँटम. ते भाषांतर मात्र झकास होतं, तक्रार नाही.

प्रश्न (कोल्हापूर, इयत्ता सहावी) : व्हॅम्पायर वटवाघूळ खरंच असतं का? आमच्या शाळेच्या झाडावर खूप वटवाघळं आहेत. ती रक्त पितात का?

उत्तर : खरंच असतं, पण तुझ्या शाळेच्या झाडावर नसतं. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या तिन्ही अमेरिकेत, मेक्सिकोपासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. ती आकाराने छोटी असतात, झोपलेल्या गाईगुरांच्या कातडीला बारीक चीर पाडतात आणि रक्त जिभेने चाटतात, ओढून पीत नाहीत. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, शास्त्रज्ञांनी त्यातल्या एकाचं नावच ‘ड्रॅक्युलिन’ ठेवलंय.

आता नावाचा घोळ बघ. व्हॅम्पायर हे भूत आधीचं आणि वटवाघळाला ते नाव नंतर मिळालं, लोक उलटं समजतात. आणि लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये ‘व्हॅम्पायरस’ हे शास्त्रीय नाव दिलं ते कोणाला, तर फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळाला! त्याचं नाव आजही तेच आहे, तो आग्नेय आशियात राहतो आणि आयुष्यात कधी रक्त पीत नाही. तुझ्या झाडावर दिवसा उलटी लटकलेली मोठी वटवाघळं बहुतेक त्याचीच भारतातली भावंडं, वडा-पिंपळाची आणि बाकीची फळं खाणारी, आणि बिया लांबलांब टाकून झाडं लावणारी. भारतात आणखी एक आहे ज्याला इंग्लिशमध्ये ‘खोटा व्हॅम्पायर’ म्हणतात, जुन्या वाड्यांत आणि गुहांत राहतो, किडे, बेडूक, पाली, उंदीर खातो. दगड मारू नका, आणि खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलू नका, चावतात आणि रोग होऊ शकतो, मोठ्यांना सांगा.

प्रश्न (ह्यूस्टन, अमेरिका) : इथे हॅलोविनला मुलं विचारतात, ड्रॅक्युला म्हणजे काय आणि नॉस्फेरातू म्हणजे काय? रुमेनियन लोक व्हॅम्पायरला काय म्हणतात?

उत्तर : थोडक्यात. ड्रॅक्युला हे माणसाचं नाव. वालाखियाचा राजा व्लाद दुसरा हा १४३१ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’ या सरदारांच्या संघात गेला म्हणून त्याला ‘द्राकुल’ म्हणायला लागले, ड्रॅगनवाला, आणि त्याचा मुलगा तो ‘द्राकुला’. आजच्या रुमेनियनमध्ये ‘द्राक’ म्हणजे सैतान, म्हणून सैतानाचा पोर असाही अर्थ लागतो. तो मुलगा शत्रूंना सुळावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध होता पण रक्त पिणारा म्हणून त्याच्या देशात कोणी त्याला ओळखत नव्हतं. ब्रॅम स्टोकरला ते नाव इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या लायब्ररीत एका जुन्या पुस्तकात सापडलं आणि १८९७ मध्ये कादंबरी आली.

रुमेनियन लोकांचा आपला शब्द ‘स्त्रिगोय’. तो लॅटिन ‘स्त्रिक्स’च्या घराण्यातला, रात्री किंचाळणारं घुबडासारखं पाखरू. ‘नॉस्फेरातू’ मात्र संशयास्पद आहे. एमिली जेरार्ड नावाच्या बाईंनी १८८५ मध्ये ट्रान्सिल्व्हानियाच्या समजुतींवर लेख लिहिला त्यात तो रुमेनियन शब्द म्हणून दिला, स्टोकरने तिथून घेतला, आणि रुमेनियन डिक्शनऱ्यांत तो सापडत नाही. बहुधा बाईंच्या कानाने ‘नेसुफेरित’ (असह्य, नकोसा) किंवा तसलं काहीतरी ऐकलं असावं. आणि उन्हात व्हॅम्पायर जळून मरतो हे मुलांना सांगत असाल तर ते १९२२ च्या जर्मन मूकपटातून आलंय, स्टोकरचा काउंट दिवसाही लंडनमध्ये फिरतो.

अजून एक, मुलांना पटणार नाही पण सांगा. ते फिकट, सडपातळ, काळा कोट घातलेले उमराव म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश लेखकांची करामत. सर्बियाच्या गावातला असली व्हॅम्पायर हा फुगलेला, लालबुंद, कफनातला शेतकरी असायचा. प्रेत कुजताना वायूने फुगतं, आतले द्रव तोंडावाटे बाहेर येतात, वरची कातडी सुटते आणि खालचा थर ताजा वाटतो, आणि थंडीत हे सगळं फार सावकाश होतं. फ्रॉमबाल्डने जे बघितलं ते बरोबरच बघितलं होतं, अर्थ तेवढा चुकला.

प्रश्न (सातारा) : अशी प्रेतं उकरणं बंद कधी झालं? आणि तिकडे अजून कोणी मानतं का?

उत्तर : पहिली बंदी फारच जुनी आहे. सर्बियाचा राजा दुशान याच्या १३४९ च्या कायद्यात एक कलम आहे की जादूटोण्याच्या नावाखाली प्रेतं कबरीतून काढून जाळणाऱ्या गावाने दंड भरायचा आणि पाद्री त्यात सामील असेल तर त्याची पाद्रीपणाची वस्त्रं काढून घ्यायची. म्हणजे लोक ते करत होते हे उघड आहे, नाहीतर कलम कशाला? ऑस्ट्रियात महाराणी मारिया थेरेसाच्या कानावर १७५५ मध्ये मोराव्हियाच्या बाजूची एक केस गेली, एका बाईचं प्रेत उकरून जाळलं होतं. तिने आपले खासगी डॉक्टर फान स्वीटेन यांना छडा लावायला सांगितलं, त्यांनी रिपोर्ट दिला की हे सगळं अज्ञान आणि भीती आहे, प्रेत न कुजण्याची साधी कारणं असतात, आणि महाराणीने हुकूम काढला की इथून पुढे असल्या गोष्टी सरकारला कळवल्याशिवाय पाद्री-बिद्री कोणी परस्पर करायच्या नाहीत. रिपोर्टाने पसरलेलं प्रकरण रिपोर्टानेच मिटवलं म्हणायचं.

मानण्याचं म्हणाल तर सर्बियात झारोझ्ये नावाच्या गावी एक जुनी पाणचक्की होती, तिथे सावा सावानोविच हा व्हॅम्पायर दळायला आलेल्यांना धरतो अशी गोष्ट. २०१२ मध्ये ती चक्की कोसळली आणि आता सावा बेघर झाला, नवीन जागा शोधणार, म्हणून दारंखिडक्यांत लसूण ठेवा असं तिथल्या स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगितल्याची बातमी जगभर फिरली. मनापासून किती आणि टुरिस्टांसाठी किती, हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न (दादर, मुंबई) : जुन्या हिंदी सिनेमातल्या ‘व्हँप’चा व्हॅम्पायरशी संबंध आहे असं मिस्टर म्हणतात. मी म्हणते नाही. पैज लागलीय.

उत्तर : पैज मिस्टरांनी जिंकली, सॉरी. आणि धागा तुमच्या जवळूनच जातो. १८९७ मध्ये, ड्रॅक्युलाच्याच वर्षी, फिलिप बर्न-जोन्स या चित्रकाराने लंडनमध्ये एक चित्र लावलं, निपचित पडलेल्या पुरुषावर झुकलेली बाई, नाव ‘द व्हॅम्पायर’. त्याच्यासोबत त्याच्या मावसभावाने त्याच नावाची कविता लिहिली, आणि तो मावसभाऊ म्हणजे रडयार्ड किपलिंग, जन्म मुंबई, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. त्या कवितेच्या पहिल्या शब्दांवरून अमेरिकेत नाटक आलं आणि १९१५ मध्ये सिनेमा, त्यात थेडा बारा या नटीने पुरुषांना धुळीला मिळवणारी बाई रंगवली. तिला लोक ‘व्हॅम्पायर’ म्हणायचे, मग कापून ‘व्हँप’. तोच तुकडा हॉलिवूडवरून मुंबईच्या स्टुडिओत आला आणि नादिरा, हेलन, बिंदू आणि आपल्या सोलापूरच्या शशिकला यांच्या माथी बसला. यात रक्त नाही, कबर नाही, फक्त हातात सिगारेट आणि दुसऱ्याचा नवरा.

पैज कशाची होती ते कळवा.